एक दिवसाची मुंबई आणि धम्मयात्रा
(रिसोड येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



एकदा तरी मुलाबाळांसह मुंबईस जावे आणि चैत्यभूमीवर मस्तक नमवावे, ही इच्छा आपणांपैकी बहुतेकांच्या मनात आहे. ती इच्छा योग्य आहे. परंतु आपल्या रिसोडास रेल्वे नाही. वाशीम किंवा अकोला गाठावयाचे, तेथून गाडी धरावयाची, रात्र प्रवासात काढावयाची आणि जातायेता मजुरीचे दिवस बुडवावयाचे. एवढे करून हाती काय राहते? बहुधा एकच दिवस. त्या एका दिवसाचे आपण काय करावे, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय लहान दिसतो. पण धर्मांतर केलेला मनुष्य आपले पाय कोठे नेतो आणि तेथे पोहोचल्यावर काय करतो, ह्यावरून त्याचे धर्मांतर मनापर्यंत उतरले की नाही हे ओळखता येते.

यात्रा आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ केल्या. पोटास चिमटा घेऊन, प्रसंगी सावकाराचे कर्ज काढून केल्या. त्यांना काय मिळाले? ज्या चोखोबांचे अभंग साऱ्या महाराष्ट्राच्या ओठांवर आहेत, त्या चोखोबांची समाधी पंढरपुरास महाद्वारासमोर, देवळाबाहेर आहे. एवढ्या मोठ्या संताची ही गत, तेथे सामान्य माणसाची कथा काय सांगावी! दुरून कळस पाहावा, नवस बोलावा आणि रिकाम्या हाताने परत यावे, अशी ती रीत होती. ती रीत आपण सोडली आहे. परंतु रीत सुटली तरी सवय सुटावयास वेळ लागतो. देव बदलला आणि नवस तोच राहिला, तर आपण नुसता रस्ता बदलला, मुक्काम बदलला नाही, असे म्हणावे लागेल.

मग बौद्धाने यात्रा करूच नये काय? अवश्य करावी. कशी करावी, हे सम्राट अशोकाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरून ठेवले आहे. त्याच्या आठव्या शिलालेखात तो सांगतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत. येथे विहार म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान नव्हे. विहारयात्रा म्हणजे करमणुकीची सफर, शिकार आणि मौज. राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीच्या स्थानी गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. ह्या यात्रेत तो काय करी? श्रमण-ब्राह्मणांस भेटून दान देई, वृद्धांस भेटून त्यांना मदत करी, खेड्यापाड्यांतील लोकांची भेट घेई, त्यांना धम्म सांगे आणि धम्माविषयी विचारपूस करी. भेटणे, देणे, शिकणे आणि विचारणे ही धम्मयात्रेची चार अंगे होत. ह्याच आठव्या लेखाचा एक तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांस मुंबईजवळ सोपारा येथे सापडला. म्हणजे मुंबईच्या यात्रेचा नियम मुंबईच्या उंबरठ्यावरच कोरलेला होता!

आता समजा, एक कुटुंब रिसोडाहून निघाले आहे. आईवडील आहेत, आजी आहे, शाळेत जाणारी एक मुलगी आणि एक मुलगा आहे. प्रथमच सांगतो, घर कोण राखील असे म्हणून आईला मागे ठेवू नका. आणि मुलगा जाणार असेल तर मुलगीही जाईल. शिदोरी बरोबर घ्या आणि मुलांच्या हाती एक वही द्या. प्रत्येक ठिकाणी मुलांनी तीन प्रश्नांची उत्तरे लिहावयाची: हे कोणी उभारले? कोणासाठी उभारले? येथे कोणास मज्जाव होता आणि ते दार कोणी उघडले?

सकाळी गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पोहोचते. ही इमारत फ्रेडरिक स्टीव्हन्स ह्या वास्तुशिल्पज्ञाने आखली. १८७८ साली बांधकाम सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. २००४ साली तिची जागतिक वारशात गणना झाली. आखणाऱ्याचे नाव ग्रंथांत आहे. दगड वाहणाऱ्या हजारो हातांचे नाव कोठेही नाही. मुलांनी ही गोष्ट वहीत लिहावी, तिचा उपयोग पुढे होईल.

स्थानकापासून थोड्या अंतरावर महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. १८६९ साली बांधून झालेली ही मंडई क्रॉफर्ड मार्केट ह्या नावाने ओळखली जाई. जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी ह्याच शहरात, मांडवीच्या कोळीवाड्यातील सभेत, ११ मे १८८८ रोजी जनतेने दिली. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना काढली आणि १० जून १८९० रोजी कामगारांस रविवारची सुट्टी मिळवून दिली. आपले कुटुंब रविवारी मुंबई पाहत असेल, तर बापाने मुलांस सांगावे की, बाळांनो, आजचा हा मोकळा दिवसही कोणीतरी लढून मिळविलेला आहे.

ह्याच भागात एल्फिन्स्टन हायस्कूल आहे. बाबासाहेब येथून १९०७ साली मॅट्रिक झाले. ह्या शाळेतील एक प्रसंग त्यांच्या चरित्रात येतो. शिक्षकांनी भीमरावास फळ्यावर गणित सोडविण्यास बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे बाटतील म्हणून वर्गातील मुले डबे हलविण्यास धावली. गावातील नव्हे, मुंबईतील सरकारी शाळेची ही गोष्ट आहे. आपल्या मुलीला शाळेत आजही कोणी वेगळे बसवीत असेल, तर तिने येथे उभे राहून समजून घ्यावे की, दोष तिचा नाही. आणि डबे हलविले तरी गणित थांबले नाही, हेही समजून घ्यावे.

पुढे दादाभाई नवरोजी रस्त्यावर आनंद भवन लागते. लोकशिक्षणासाठी बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. नोकरी करून शिकणाऱ्या तरुणांची सोय व्हावी म्हणून तेथे वर्ग सकाळी भरविण्याची व्यवस्था होती. बुद्ध भवन, आनंद भवन, सिद्धार्थ, मिलिंद ही नावे पाहा. १९५६ च्या दीक्षेपूर्वीच ह्या माणसाने बौद्ध नावे विद्यालयांच्या दारावर लिहून ठेवली होती. धम्माचे पहिले दार विद्यालयाचे असते, असाच ह्याचा अर्थ आहे.

तेथून हुतात्मा चौक जवळ आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण देणाऱ्या १०६ जणांचे ते स्मारक. त्या लढ्याच्या समितीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही सामील होते, ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. १ मे १९६० रोजी उभ्या राहिलेल्या ह्या राज्याच्या उभारणीत आपल्या समाजाचाही वाटा आहे.

चौकातून पुढे मुंबई उच्च न्यायालयाची काळ्या दगडाची उंच इमारत दिसते. सुट्टीच्या दिवशी ती बंद असेल, तरी रस्त्यावर उभे राहून पाहावी. कारण आपल्या दृष्टीने ह्या शहरातील ही एक मोठी पवित्र जागा आहे. कशी ते ऐका. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांस खुल्या केल्या. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी विरोधकांनी दावा लावला की, तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांस बंदी ही अनादि रूढी आहे. दहा वर्षे तो वाद चालला. १७ मार्च १९३७ रोजी ह्या उच्च न्यायालयाने निकाल दिला. अशी रूढी अनादिकालापासून चालत आल्याचे वादींस सिद्ध करता आले नाही, असे न्यायालयाने ठरविले आणि त्यांचे अपील फेटाळले.

बंधूंनो, ओंजळभर पाण्यास दहा वर्षांचा कज्जा! सत्याग्रह एका दिवसाचा होता, पण कागदपत्रे, साक्षी, तारखा आणि वकिलांचे युक्तिवाद दहा वर्षे सांभाळावे लागले. पुढे आपल्या संविधानाने पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तळी, घाट आणि रस्ते सर्वांस खुले केले आणि सतराव्या अनुच्छेदात अस्पृश्यता नष्ट केली. संविधानातील त्या थोड्या ओळींमागे ही दहा वर्षे उभी आहेत. हक्क घोषणेने उगवतो, पण कागद सांभाळणाऱ्याच्या घरीच तो टिकतो.

वेळ असेल तर जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहावे. सिंधमधील मीरपूर खास येथील स्तूपाच्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती तेथे आहेत आणि सोपाऱ्याचा अशोककालीन शिलालेखही तेथे आहे. त्याच्या पलीकडे समुद्रकाठी गेटवे ऑफ इंडिया आहे. १९११ साली इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज येऊन गेला, त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली आणि १९२४ साली ती खुली झाली. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजी फौजेची शेवटची तुकडी ह्याच कमानीतून परत गेली. कमान जरूर पाहावी, मुलांस समुद्र दाखवावा. परंतु ज्याचा सारा दिवस येथेच गेला, त्याची विहारयात्रा झाली, एवढे लक्षात ठेवावे.

दुपारी लोकल गाडीने परळास जावे. पोयबावाडीत बी.आय.टी. चाळ क्रमांक १ आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावरील ५० आणि ५१ क्रमांकांच्या खोल्यांत बाबासाहेबांचे वास्तव्य १९१२ ते १९३४ असे बावीस वर्षे होते. चाळ ही लोकांच्या राहण्याची जागा. तेथे पाहुण्यासारखे हळू जावे. कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या, ‘मूकनायक’, महाड, काळाराम मंदिराचा सत्याग्रह, गोलमेज परिषद ही सारी पर्वे ह्या दोन खोल्यांच्या संसारातून घडली. त्याआधी लोअर परळच्या एका लहानशा खोलीत सुभेदार रामजी पहाटे दोन वाजता मुलास अभ्यासास उठवीत. अभ्यासाला जागा नाही, ही आपल्या घरोघरची तक्रार आहे. ती खरी आहे. पण बापाने येथे उभे राहून स्वतःस विचारावे: मी माझ्या मुलीसाठी पहाटे उठतो काय?

आईने येथे माता रमाईंचे स्मरण करावे. पाच मुलांपैकी चार त्यांच्या डोळ्यांदेखत गेली, एकटे यशवंतराव जगले. नवरा विलायतेत विद्येसाठी आणि घरी अन्नाची चणचण, असे दिवस त्यांनी काढले. स्मारकावर नाव एकाचे असते. त्याखालचा पाया पुष्कळदा घरातील स्त्रीने घातलेला असतो.

परळातच दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी सभा भरली आणि त्यातून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. ह्याच परळच्या कामगार मैदानाने ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपाची सभा पाहिली. संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष त्या दिवशी इतर कामगारांच्या खांद्यास खांदा लावून उभा होता.

परळाहून दादरला यावे. हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी बांधविले, असे म्हटले तरी चालेल. राजगृह ही प्राचीन मगधाची राजधानी; बिंबिसाराने भगवंतांस वेळुवन तेथेच दिले. २७ मे १९३५ रोजी रमाईंनी ह्याच घरात शेवटचा श्वास घेतला. दादरलाच बुद्धभूषण छापखाना आणि आंबेडकर भवन होते. ४ फेब्रुवारी १९५६ पासून ‘जनता’ पत्र ‘प्रबुद्ध भारत’ ह्या नावाने निघू लागले, ते ह्या छापखान्याच्या इतिहासाशी जोडलेले आहे. २५ जून २०१६ रोजी पहाटे ती वास्तू पाडण्यात आली आणि त्यावरून मोठे आंदोलन झाले. त्यातून धडा एकच. जी वास्तू आपण जपत नाही, ती आपल्या हाती राहत नाही.

संध्याकाळी सूर्य समुद्राकडे कलला म्हणजे चैत्यभूमीवर जावे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण झाले आणि ७ डिसेंबरला ह्या वाळूवर अग्निसंस्कार झाला. १६ डिसेंबर रोजी मुंबईत दीक्षा देण्याचा बाबासाहेबांचा संकल्प होता. तो दिवस त्यांस लाभला नाही. पण चितेच्या साक्षीने भदंत आनंद कौसल्यायन यांनी त्याच ठिकाणी लाखावर लोकांस दीक्षा दिली. दुःखाच्या क्षणी लोक देवाकडे धाव घेतात. आपल्या लोकांनी त्या क्षणी शीलाकडे धाव घेतली. जगाच्या इतिहासात अशा अंत्ययात्रा थोड्या असतील. भय्यासाहेब यशवंतराव आंबेडकर यांनी महूहून मुंबईपर्यंत भीमज्योत आणून निधी जमविला आणि ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताईंच्या हस्ते ह्या स्तूपाचे उद्घाटन झाले. सांचीच्या तोरणासारखे प्रवेशद्वार पाहावे. जवळच इंदू मिलच्या जागेवर ११ ऑक्टोबर २०१५ रोजी एका भव्य स्मारकाची पायाभरणी झाली, तीही जागा मुलांस दाखवावी.

येथे माझी हात जोडून विनंती आहे. नोकरी लागू दे, मुलगा होऊ दे, असे येथे मागू नका. बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्याने बाबासाहेबांनाच नवस बोलावा, ह्याहून मोठी विटंबना नाही. त्रिशरण-पंचशील म्हणावे आणि थोडा वेळ स्तब्ध बसावे. मग घरातल्या प्रत्येकाने येत्या वर्षात काय करणार, ती एक गोष्ट एकमेकांस सांगावी. ६ डिसेंबरच्या गर्दीत लहान मुलांना घेऊन जाणे कठीण वाटत असेल, तर दुसऱ्या दिवशी जावे. आदर तारखेने मोजला जात नाही. परंतु ६ डिसेंबरला गेलात तर तेथे मांडलेल्या पुस्तकांतून एक तरी पुस्तक घेतल्यावाचून परतू नका. पुस्तके विकत घेणारी अशी यात्रा देशात विरळा.

दुसरा दिवस हाती असेल तर बोरिवलीस कान्हेरीची लेणी पाहावी. तेथे शंभरावर लेणी आहेत आणि सुमारे हजार वर्षे भिक्षुसंघ नांदला. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत: सोपारा-कल्याणचे व्यापारी, सोनार, लोहार, भिक्षुणी, उपासिका. आता मुलांनी आपल्या वहीचे पहिले पान काढावे. रेल्वे टर्मिनसच्या पाथरवटाचे नाव कोठे नव्हते. येथे लोहाराचे नाव दगडावर आहे. एका सोनाराने संघासाठी पाण्याचे टाके खोदवून दिले, त्याचाही लेख आहे. ज्या कोकणपट्टीत उपासकांनी पाण्याची टाकी खोदून दान केली, त्याच कोकणपट्टीत पुढे माणसांस पाण्यावाचून हाकलण्यात आले. धम्म गेला तेव्हा काय गेले, हे ह्याहून स्पष्ट सांगता येणार नाही.

आता परत रिसोडास येऊ. खरी यात्रा येथून सुरू होते, म्हणून तीन कामे सांगतो.

पहिले काम कागदाचे. १९५६ साली दीक्षा घेतलेल्यांस केंद्र सरकारच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींच्या आदेशात हिंदू व शीख यांच्याबरोबर बौद्ध हा शब्द आला. तेव्हा बौद्ध झालो तर मुलांचा हक्क जाईल, अशी भीती कोणी घातली तर तिला बळी पडू नका. मात्र शाळेतील नोंदी, दाखले, प्रमाणपत्रे नीट तपासा आणि एका पेटीत जपून ठेवा. चवदार तळ्याचा दावा आठवा.

दुसरे काम वृद्धांचे. अशोक वृद्धांस भेटे. १९५६ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या आसपास आहे. पाणवठ्यावर काय होत असे, दीक्षा कशी घेतली, घरातील देव कसे विसर्जन केले, हे त्यांच्या तोंडून मुलांनी लिहून घ्यावे. हे वृद्ध म्हणजे आपल्या तालुक्याची चालतीबोलती स्मारके होत, आणि ती पाहण्यास तिकीट लागत नाही.

तिसरे काम आपल्या भूमीचे. इतिहास मोठ्या शहरातच असतो असे समजू नका. आपले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्याच शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव ह्याने अजिंठ्याचे सोळावे लेणे संघास अर्पण केले. त्याचा लेख त्या लेण्यावर आहे. म्हणजे ज्या अजिंठ्यास जग पाहावयास येते, त्याच्या उभारणीत वाशीमचा हात होता. ज्या मुलाने ही गोष्ट ऐकली, तो मुंबईच्या उंच इमारतींपुढे मान खाली घालून उभा राहणार नाही.

शेवटी खर्चाविषयी एक शब्द. ह्या यात्रेसाठी कर्ज काढू नका. वर्षभर थोडेथोडे बाजूस टाका. यंदा पैसे पुरत नसतील तर यंदा मुलीची फी भरा आणि पुढील वर्षी चैत्यभूमीस जा. ज्या महापुरुषाने बावीस वर्षे चाळीत राहून विद्या मिळविली आणि विद्येसाठी घर बांधले, त्याच्या स्मृतीस भरलेल्या फीची पावती हीच मोठी पुष्पांजली आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!